वादी-प्रतिवादी एकाच मोटारसायकलवर

कोर्टातून घरी आले की माझ्या काळ्या बॅगेतून काय काय निघतं! दोन फायली, सईचा एक मोजा, अर्धं खाल्लेलं बिस्किट आणि कमीत कमी एक किस्सा. फायली दुसऱ्या दिवशी परत जातात, मोजा धुवायला पडतो, बिस्किट मुंग्या नेतात. किस्से मात्र कुठंच जात नाहीत. साठत राहतात. नवरा विचारतो, "तू वकिली करतेस की गोष्टी गोळा करतेस?" खरं सांगू का, हा प्रश्न मलाही पडतो.

मी निपाणीच्या कोर्टात वकील आहे. म्हणजे काळा कोट आहे, सनद आहे आणि ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सरांच्या ऑफिसात एक खुर्चीही आहे. ती दाराच्या मागं आहे, त्यामुळं दार उघडलं की मी दिसत नाही. बाळंतपणानंतर परत यायला लागले तेव्हा सई वर्षाची होऊन गेली होती आणि मला दोनच भीती होत्या. घरी सई पडेल. आणि कोर्टात मी.

*

परत आल्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट.

आमचे जज्जसाहेब म्हैसूरकडचे. कोर्टाचं काम कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, पण समोर येणारी निम्मी माणसं मराठी बोलणारी, म्हणून साहेब हौसेनं मराठी शिकतायत. शिकलेलं लगेच वापरूनही टाकतात.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी चालली होती. माझा फोन सायलेंटवर आहे असं मला वाटत होतं. (मला बरंच काही वाटत असतं.) आणि सासूबाईंचा फोन आला. रिंगटोन म्हणून मी सईचं खदखदून हसणं लावलेलं. भर कोर्टात कुठूनतरी बाळ हसायला लागलं!

साक्षीदार बोलायचा थांबला. आपल्या उत्तराला कोण हसलं, म्हणून तो इकडं तिकडं बघायला लागला. शिपाई बाकाखाली वाकला. मी बॅगेत हात घातला तर आधी मोजा निघाला, मग बिस्किट निघालं. फोन सगळ्यात शेवटी! उभी राहून "सॉरी सर" म्हणेपर्यंत माझे डोळे भरले होते.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि आपल्या नव्याकोऱ्या मराठीत म्हणाले, "मुलगी हसतीय. आई का रडतीय?"

*

मग शांताक्का आल्या. कोगनोळीच्या बाजूच्या एका गावातल्या, साठी ओलांडलेल्या, चालताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. बरोबर पन्नाशीतला, झुपकेदार मिशांचा एक माणूस होता. त्यानं त्यांची पिशवी धरलेली. सर बेळगावला गेले होते, म्हणून दाराच्या मागून मीच बाहेर आले.

शांताक्कांचं म्हणणं साधं होतं. शेतात ऊस उभा आहे. शेतात जायला एकच वाट, दिराच्या बांधावरची जुनी गाडीवाट. त्या वाटेवर दिरानं आपला ट्रॅक्टर आडवा लावलाय आणि सांगतोय की बंद पडलाय, हलत नाही.

"दिवाळीपास्नं बंद हाय म्हणं! आता तोडणीची टोळी येणार गावात. ट्रॉली आत गेली न्हाय तर टोळी काय माझ्यासाठी थांबती व्हय? जाईल फुडच्या गावाला. मग माझा ऊस वाळंल की गं उभ्या उभ्या."

माझ्या अंगात वकील संचारला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दावा कसा लावू, ऊस वाळण्याआधी अंतरिम हुकूम कसा मागू. तुमच्या सासऱ्यांनी वाटणी कोर्टातून करून घेतली होती म्हणजे त्या हुकूमनाम्यात वाटेचा उल्लेख असणार, पण तुमच्याजवळची प्रत वाळवीनं खाल्लीय, हीच आपली कच्ची बाजू. "आणि आक्का," मी आवाज खाली आणून म्हटलं, "हे विरुद्ध बाजूला कळता कामा नये."

मिशीवाले मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मॅडम, सर्वे नंबर चुकलाय तुमचा." आणि त्यांनी तो दुरुस्त करून दिला. मला फार बरं वाटलं. चहा मागवला. चहा देताना विचारलं, "हे तुमचे भाऊ का, आक्का?"

"न्हाय गं बाई. ह्यो बाबू. माझा दीर. ह्येच्यावरच करायचीया न्हवं केस!"

माझ्या हातातला कप तिथंच राहिला. "मग... हे इथं?"

"बस कुठं येती वेळंवर? ह्येच्या गाडीवरनं आलो."

"वहिनीस्नी एकटं कसं सोडायचं?" बाबूआप्पा म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. सरांनी आधी पंखा वाढवला. मग म्हणाले, "त्याला आता समन्स पाठवायचं, की तू तेही हातात दिलंस?"

*

कोर्टाचं रेकॉर्ड सगळ्यांसाठी उघडं असतं, असं आम्हाला लॉ कॉलेजात शिकवलं होतं. खरंच असतं. अर्ज करा, पक्षकार असाल तर सरळ नक्कल मिळते. बाहेरचे असाल तर कशासाठी हवी ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. पण त्या उघड्या दारातून आत जायला केसचा नंबर लागतो, नाहीतर निदान साल तरी. हे मला कुणी परीक्षेत विचारलं नव्हतं. अलीकडच्या केसेस कॉम्प्युटरवर सापडतात. शांताक्कांची वाटणी कॉम्प्युटरच्या आधीची.

बेळगावच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मी, शांताक्का आणि अर्थातच बाबूआप्पा. तिथल्या क्लार्कनी अगदी सौजन्यानं विचारलं, "साल कुठलं, आक्का?"

"आमचा शंकर पोटात हुता तवा."

"शंकरचा जन्म कधीचा?"

मी शंकरला फोन लावला, आधार कार्डवरची तारीख विचारली. एक जून! क्लार्क हसले. मीही हसले, कारण माझ्या सासऱ्यांचीही एक जूनच आहे.

"आवो, अख्ख्या वर्गाचीच एक जून हाय," शांताक्का म्हणाल्या. "हेडमास्तरांनी घातली. साल बी त्यांनीच घातलं, पोरगं अंगानं केवढं दिसतंय ते बघून."

झालं. क्लार्क पेन धरून बसलेले, शांताक्का बोटं मोजत त्या वर्षीचा पाऊस, त्या वर्षीची म्हैस, त्या वर्षीचं नणंदेचं लग्न आठवतायत, आणि एकाचंही साल कुणाला ठाऊक नाही. मला दिसायला लागलं की परत आल्यानंतरची माझी पहिली केस इथंच, या टेबलावर संपणार.

मागून कुणीतरी खाकरलं. बाबूआप्पा! त्यांनी साल सांगितलं. ठणठणीत, एका दमात.

"नक्की का आप्पा?" मी विचारलं.

"त्या साली मी धावीच्या एसएसएलसीला नापास झालतो," बाबूआप्पा म्हणाले. "त्ये साल कोण इसरंल?"

रजिस्टरमध्ये त्याच सालात केस निघाली. मी अर्ज लिहायला घेतला तर बाबूआप्पा म्हणतात, "मला बी एक नक्कल पायजे. वहिनीकडं असली आन माझ्याकडं नसली, तर घरात बरं दिसंल का?"

दुपारी कँटीनच्या बाकावर दोघं एकाच डब्यातून जेवले. तिथं मला भांडणाचं मूळ कळलं.

"शंकरच्या लग्नात मला दुसऱ्या पंगतीला बसवलं, मॅडम. मी सख्खा चुलता!"

"पयल्या पंगतीला जागा न्हवती रं."

"माझ्या जागंवर तुमचा भाऊ बसला हुता, वहिनी."

"आरं, ह्या बाबूला मी कडंवर घिऊन वाढीवलंय," शांताक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आन ह्यो पंगत मोजतोय!" असं म्हणता म्हणता त्यांनी डब्यातली शेवटची भाकरी त्याच्याच पुढ्यात सरकवली.

हे सगळं दाव्याच्या कुठल्या परिच्छेदात घालायचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

नक्कल येईपर्यंत एक दुसरीच गंमत झाली.

आमचा एक पक्षकार, दत्तात्रय चव्हाण. तारखेला शिपायानं दारात जाऊन तीनदा पुकारलं, कुणी आलं नाही. साहेब गैरहजेरीचा हुकूम लिहायच्या बेतात. मी व्हरांड्यात पळत जाऊन फोन लावला, तर फोन माझ्या शेजारीच वाजला!

"अहो, इथंच उभे आहात! पुकारल्यावर आत का नाही आलात?"

"दत्तात्रयाला बोलवत हुते, मॅडम."

"मग तुम्ही कोण?"

"व्हय की ओ! पर घरात, गावात, सोसायटीत सगळी पिंटूच म्हणत्यात. मला वाटलं, आसंल कोण तर दुसरा चव्हाण."

पुढच्या तारखेला शिपाई शहाणा झाला होता. त्यानं दारात उभं राहून थेट हाक मारली, "पिंटूअण्णा चव्हाणऽऽऽ!"

तिघं उभे राहिले. त्यातले एक आमच्या बारचे ज्येष्ठ वकील.

*

नक्कल आली. जुन्या अक्षरात, कन्नडमध्ये, पण स्वच्छ लिहिलेलं: धाकट्याच्या हिश्श्यातल्या बांधावरून थोरल्याची गाडीवाट. मी दावा लावला आणि शांताक्कांना बजावलं, "आक्का, हा कागद जिवापाड सांभाळा. तारखेला घेऊन या."

त्यांनी सांभाळला. तारखेला पिशवीतून, रुमालातून, पुन्हा एका रुमालातून काढून माझ्या हातात दिला. मी न बघताच पुढं दिला. साहेबांनी कागद उजेडाकडं धरला, मग नाकाजवळ नेला.

"हे लाल काय आहे? शिक्का वाचता येत नाही."

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर सही-शिक्क्यावर, हळद आणि कुंकू! दोन्ही भरपूर, वर एक अक्षताही चिकटलेली. शांताक्का हात जोडून पुढं आल्या.

"साहेब, देव्हाऱ्यात ठिवला हुता. सुनंनं पुजा केली. न्याव देणारा कागद, तसाच कसा ठिवायचा?"

बाबूआप्पांचे वकील लगबगीनं उठले आणि म्हणाले की शिक्काच दिसत नाही, तर ही नक्कल कोर्टानं वाचू नये. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. आणि टोळी पुढच्याच आठवड्यात गावात!

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज आला.

"माझी घ्या की साहेब," बाबूआप्पा म्हणाले. "कोरी हाय."

त्यांच्या वकिलांनी शर्ट ओढला, पण उशीर झाला होता. कागद शिपायाच्या हातात गेलासुद्धा!

बाहेर आल्यावर वकील बाबूआप्पांना म्हणाले, "आप्पा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूनं आहात?"

"माझ्याच की! माझी नक्कल चांगली हाय, ह्ये सांगाय नगो व्हय?"

पण वाट कागदावर सापडली तरी ट्रॅक्टर वाटेतच होता. आप्पांच्या वकिलांनी लेखी दिलं होतं की तो नादुरुस्त आहे, हलवता येणं अशक्य. साहेबांनी अंतरिम अर्जावर युक्तिवादासाठी पुढचा गुरुवार दिला. टोळी शुक्रवारी येणार होती.

निघताना शांताक्का म्हणाल्या, "वकीलबाई, रविवारी शंकरच्या पोराचं बारसं हाय. जेवायला या." शेजारी बाबूआप्पा किक मारत पुटपुटले, "बघू, औंदा कुठल्या पंगतीला बसवत्यात."

मी काही बारशाला गेले नाही. सईला सर्दी होती.

*

आता सासूबाईंचं सांगायलाच हवं.

एकदा मला घरी यायला उशीर झाला. मी चपला काढता काढता सांगितलं, "आज फार केसेस होत्या हो, आई."

"तीन होत्या," सासूबाई म्हणाल्या. "दोनांत तारीख पडली. तिसरी दुपारीच झाली."

मी उडालेच! "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी फोन दाखवला. कोर्टाचं ॲप. वकिलाचं नाव टाकलं की त्याच्या सगळ्या केसेस दिसतात. माझ्या नणंदेनं शिकवलं होतं. "चोरून न्हाय बघत गं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांस्नीच दिसतंय. सरकारी हाय."

तेव्हापासून त्या माझ्या तारखा बघूनच आपले बेत ठरवतात. संकेश्वरला बहिणीकडं कधी जायचं तेही त्यांनी ॲप बघूनच ठरवलं. गुरुवारी माझ्या नावावर काहीच नव्हतं. तोवर शांताक्कांची नवी तारीख चढलीच नव्हती!

म्हणून त्या गुरुवारी सासूबाई संकेश्वरला, नवरा ट्रेनिंगला हुबळीला, सर बेळगावला, आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात सई.

*

सईनं आधी माझ्या गळ्यातला पांढरा बँड ओढला. मग फाईलचा दोरा तोंडात घातला. मग रडायला लागली. शांताक्कांनी घेतलं, तर त्यांच्या गुडघ्यावर टिकेना. आत केस पुकारायची वेळ होत आलेली, आणि मला युक्तिवादाचं पहिलं वाक्यसुद्धा आठवत नव्हतं.

"आना हिकडं," बाबूआप्पा म्हणाले.

ज्यांच्याविरुद्ध उभं राहायचंय, त्यांच्याकडं पोरगी कशी द्यायची? हे कुठल्या नियमात बसतं? पण सईनं नियम बघितला नाही. तिनं हात पुढं केले आणि आप्पांची मिशी धरली. आप्पांनी तिला खांद्यावर टाकलं, वर आपला टॉवेल पांघरला आणि व्हरांड्यात झुलत झुलत फेऱ्या मारायला लागले. बघता बघता रडणं थांबलं.

पुकारा झाला. मी उभी राहिले. पहिलं वाक्य नाहीच आलं. मागं वळून बघितलं तर दाराशी बाबूआप्पा उभे, टॉवेलाखालून सईचा एक पाय लोंबतोय, मोजा अर्थातच एकच. गाढ झोपली होती. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या दोन भीतींपैकी एक तरी आज नाही. सई पडणार नव्हती. मग मी बोलायला लागले. वाट कुठून कुठं जाते, नक्कल काय म्हणते, टोळी उद्या येऊन पुढं गेली तर त्या उसाची भरपाई कोर्टालाही कशी करता येणार नाही. किती वेळ बोलले कुणास ठाऊक. बसले तेव्हा वाक्यं सगळी पुरी झाली होती.

आप्पांचे वकील उठले. ट्रॅक्टर नादुरुस्त, पार्ट मिळत नाही, मेकॅनिक येत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निकाल पुढं होईल. ऊस जाईपर्यंत वाट मोकळी करून देणार का, एवढंच प्रतिवादीनं सांगावं. कुठे आहे प्रतिवादी?"

बाबूआप्पा झुलत झुलत पुढं आले.

साहेबांनी टॉवेलाकडं बघितलं. लोंबणाऱ्या पायाकडं बघितलं. "हे मूल कुणाचं?"

"वकीलबाईंचं," आप्पा हळूच म्हणाले.

"तुमच्या?"

"न्हाय. वहिनींच्या."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी फायलीकडं बघितलं.

"बरं. वाट देणार का?"

त्यांचे वकील मान जोरजोरात आडवी हलवत होते. आप्पांनी मान उभी हलवली.

"मोठ्यानं सांगा," साहेब म्हणाले. "रेकॉर्डवर घ्यायचं आहे."

आणि बाबूआप्पांनी भर कोर्टात, साहेबांच्या समोर, ओठांवर बोट ठेवलं!

शिपाई दचकून पुढं झाला. आप्पा कुजबुजले, "व्हय म्हनून लिवा, साहेब. पोरगी आत्ताच झोपलीया."

साहेब स्टेनोकडं वाकले आणि त्यांनीही कुजबुजत हुकूम सांगायला सुरुवात केली. स्टेनोनं हलक्या बोटांनी टाइप केलं. आप्पांच्या वकिलांनी हरकत घेतली, तीही कुजबुजत. प्रतिवादीच्या कबुलीवरून, उद्या सकाळपासून ऊस पूर्ण जाईपर्यंत, गाडीवाट मोकळी. उलगडलेल्या कागदाची घडी घालतानाही शिपायानं आवाज केला नाही.

बाहेर आल्यावर मी सईला घेतलं. आप्पांच्या खांद्यावर लाळेचा मोठा ओला डाग पडला होता. ते टॉवेलानं पुसत होते.

"आप्पा," मी म्हटलं, "तुमचा ट्रॅक्टर तर बंद आहे. उद्या सकाळपर्यंत हलवणार कसा?"

"बघू की," आप्पा म्हणाले आणि मोटारसायकल काढायला गेले.

शांताक्का मागच्या सीटवर बसल्या, पदर नीट खोचला, पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू व्हायच्या आवाजात माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "रविवारी पयल्या पंगतीला जेवला. डिझेल तर त्यानं सोमवारीच भरलंय."